चौतीसची कंबर

मानवतला एसटी स्टँडसमोरच्या गल्लीत रंगनाथ शिंप्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक मशीन, कापायचं टेबल, कोळशाची इस्त्री, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आणि मागं घरात जाणाऱ्या दारावर एक पडदा. या दुकानात इतक्या वर्षांत एक गोष्ट कधी घडली नव्हती. कुणाच्याही कमरेचं खरं माप रंगनाथच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं.

ही विद्या त्याची स्वतःची नव्हे. निजामाच्या काळात, मिसरूड फुटायच्या आधी, तो हैदराबादेला रहीम उस्तादांच्या हाताखाली काजं करायला बसला होता. एकदा एका जाडजूड जहागीरदाराचं माप घेताना रंगनाथने भाबडेपणाने आकडा मोठ्याने वाचला. जहागीरदार मलमलीचं ठाण काखेत मारून जो गेला तो परत आला नाही. उस्तादांनी त्या दिवशी त्याला मारलं नाही. नुसतं जवळ बसवून सांगितलं, "मियां, सच कपडे में रखो, जबान पे अदब रखो."

तेव्हापासून रंगनाथचा शिरस्ता ठरला. गिऱ्हाइकाने पहिल्यांदा दिलेलं माप हे त्याचं जन्माचं माप. तोंडाने सांगायचं ते तेच. खरं माप गुपचूप वहीत लिहायचं आणि कापड वहीप्रमाणे कापायचं. गिऱ्हाईक खूश, कापड अंगासरसं, आणि वही टेबलाच्या खणात कुलुपात. यात कुणाचं काय बिघडलं? सत्त्याऐंशी सालापर्यंत तरी कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

जमीनदार आबासाहेबांनी रंगनाथकडे पहिली पँट शिवून घेतली त्याला बत्तीस वर्षं झाली होती. तेव्हा ते हैदराबादेहून मॅट्रिक होऊन आलेले, छाती पुढं काढून चालणारे ताठ गडी होते. कंबर चौतीस. दीडशे एकरांचे मालक असूनही रोज पायी रानात जायचे. दोन कोस जाणं, दोन कोस येणं, आणि दुपारी बांधावर ज्वारीची भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. अशा माणसाच्या कमरेला काय धाड भरते?

मग कालव्याचं पाणी आलं. ज्वारीच्या रानात गहू आला, ऊस आला. भाकरीच्या जागी पोळी आली, पोळीवर तूप आलं. दोन कोसांसाठी आधी राजदूत फटफटी आली, आणि पुढं राजदूतवर बसून रानात जायला गडी आला. आबासाहेब स्टँडवरच्या हॉटेलात खुर्ची टाकून बसू लागले. सकाळी लोण्याबरोबर चार धपाटे, दहाला हॉटेलात भजी आणि चमचा उभा राहील इतक्या साखरेचा चहा, दुपारी जेवण, जेवणावर दोन तास झोप, उठल्यावर तोंड गोड पाहिजे म्हणून जिलेबी, आणि रात्री "आज भूक न्हाई" म्हणत दूधभात. तो दूधभात पितळी भरून असायचा.

रंगनाथच्या वहीत ही सगळी हकिगत आकड्यांत उतरली होती. चौतीसचे छत्तीस झाले, छत्तिसाचे अडतीस. कालव्याच्या सालानंतर आकड्याने जी उडी मारली ती एकेचाळिसावर. गेल्या दसऱ्याला चव्वेचाळीस. रंगनाथने आपलं सगळं कसब पणाला लावलं होतं. पट्ट्याची भोकं चुगली करतात म्हणून पट्टाच बंद करायला लावला. पट्ट्याने कापड चुरगळतं, हैदराबादचे बडे लोक खांद्यावरून घ्यायचे गॅलिस लावतात, असं पटवून त्याने पँटला गॅलिसची बटणं शिवली. पुढं चुण्या वाढवल्या, मागं शिवणीत भरपूर कापड दाबून ठेवलं, आणि दर सहा महिन्यांनी पँट इस्त्रीला आली की गुपचूप बोटभर सैल करून पाठवायची.

आबासाहेब दर वेळी टेपखाली श्वास आत ओढून उभे राहायचे आणि विचारायचे, "किती भरली रं?"

"चौतीस, आबासाहेब."

मग ते बाकड्यावरच्या लोकांकडे वळून सांगायचे की चौतीस म्हणजे चौतीस, मॅट्रिक झालो तवा बी हीच होती. बाकड्यावरचे लोक डोळ्यांनी आबासाहेबांचं पोट बघत आणि कानांनी चौतीस ऐकत. पण टेप रंगनाथच्या हातात होती, आणि रंगनाथ खोटं बोलणारा माणूस नव्हे हे साऱ्या मानवतला ठाऊक होतं. मग आपल्याच डोळ्यांचा दोष असेल म्हणून लोक गप्प बसत.

त्या वर्षी सरकारी दवाखान्यात खंदारे नावाचा डॉक्टर आला. पिंगळीच्या एका मास्तरांचा मुलगा. वय तिशीचं, अंगाने काटकुळा, आणि बोलायला लागला की समोरचा ऐकतोय की नाही ते न बघता शेवटपर्यंत बोलणारा. त्याने शाळेत एक शिबिर भरवलं. तिथं तो म्हणाला की लघवीतली साखर, वाढलेलं ब्लडप्रेशर आणि सुटलेलं पोट हे सख्खे भाऊ आहेत, एक पंगतीला बसला की बाकीचे दोघं न बोलावता येतात. तेव्हा निदान ज्याचं पोट सुटलंय त्याने तपासून घ्यावं. असं म्हणताना त्याची नजर पहिल्या रांगेतल्या आबासाहेबांवर गेली.

आबासाहेब उठले. रागावले नाहीत. हसत म्हणाले, "डाक्टर, तुमी नवे हायेत. त्या रंगनाथला इचारा माझी कंबर किती. चौतीस. आता चौतीस कंबरेच्या माणसाला कसलं पोट?"

शाळेत हशा पिकला. डॉक्टर एकदा पोटाकडे आणि एकदा लोकांकडे बघत राहिला. मागच्या रांगेतल्या रंगनाथला मात्र त्या हशात कुणीतरी आपली कॉलर धरल्यासारखं वाटलं.

आठ दिवसांनी भर दुपारी आबासाहेबांच्या पत्नी कस्तुराबाई दुकानात आल्या. रंगनाथने बाकड्यावरचं कापड उचलून जागा केली, पडद्याआडून त्याच्या बायकोने, सरजाबाईने, पाणी आणलं. कस्तुराबाईंनी पाण्याला हात लावला नाही.

त्यांनी सांगितलं की आबासाहेब रात्रीतून चार वेळा उठतात. पायाला मुंग्या येतात, आणि गोठ्यामागं जिथं ते लघवीला बसतात तिथं खऱ्या मुंग्या रांगा लावून येतात. त्यावर आबासाहेब म्हणतात काय, तर आपल्या अंगातच गोडवा हाय, जनावर बी वळखतं. हे सांगताना बाईंना हसूही आलं आणि त्यांनी पदराने डोळेही पुसले. दोन महिन्यांपासून टाचेला चप्पल लागून जखम झाली होती, ती भरत नव्हती. बाईंनी चोरून डॉक्टरला गाठलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, लवकर आणा, उशीर झाला तर पाय वाचवणं माझ्या हातात नाही.

"मी सांगून दमले, रंगनाथभाऊ. म्हंतेत, रंगनाथची टेप खोटं बोलत न्हाई. मला कायी झालं असतं तर टेपनं सांगितलं असतं." त्या उठल्या. "तेवढं एकदा नीट मोजून सांगा त्यांला. तुमचंच ऐकतेत ते."

त्या गेल्यावर रंगनाथ मशीनवर बसला, पण काम पुढं सरकेना. मागे एकदा मिलमधल्या एका माणसासाठी त्याने पँट शिवली होती. मिलच्या मशीनच्या पट्ट्यात सापडून त्याचा पाय गेला होता. उजवी बाजू नेहमीसारखी, आणि डावी गुडघ्याशी दुमडून टाके घातलेली.  आता ती दुमडलेली बाजू त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

सरजाबाई पडद्यातून म्हणाली, "बोलायचं एवढं काय जड हाय? तोंड उगडायचं अन् आकडा सांगायचा. मला तर रोज सांगता, भाजीत मीठ किती कमी हाय ते."

"तुला सांगणं निराळं," रंगनाथ म्हणाला.

"मी काय पँट शिवून घेत न्हाई म्हणून?"

रंगनाथने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी तो आबासाहेबांच्या घरी गेला. पण गेला तो जेवणाच्या वेळी, आणि त्या घरात जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला बोलू देत नसत. ताटात पुरणपोळी, येसराची आमटी, आणि आबासाहेब स्वतः हाताने तूप वाढायला बसलेले. रंगनाथने "आबासाहेब, एक सांगायचं होतं" एवढं म्हटलं की पोळीवर तूप पडायचं. आधी जेव, मग सांग. तिसऱ्या पोळीनंतर रंगनाथच्या पोटात शब्दांना जागाच उरली नाही. सुपारी खाऊन, आबासाहेबांची चौतीस कंबर पुन्हा एकदा त्यांच्याच तोंडून ऐकून, तो घरी आला आणि दिवेलागणीपर्यंत झोपला.

पुढं त्यानेच एक वाट काढली. जिभेला जमत नसेल तर कापडाला बोलू द्यावं. सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाला, शाळेत झेंडावंदनासाठी आबासाहेब पाहुणे होते. त्यासाठी त्यांनी दुधी रंगाचं टेरिकॉट दिलं होतं. रंगनाथने आयुष्यात पहिल्यांदा तोंडातल्या मापाप्रमाणे कापड कापलं. चौतीस म्हणजे चौतीस. चुण्या नाहीत, शिवणीत दाबलेलं जादा कापड नाही. पँट इतकी सुबक झाली की ती हातात धरून त्याला वाईट वाटलं. बत्तीस वर्षांपूर्वीचे आबासाहेब तिच्यात सहज शिरले असते.

पंधरा तारखेला आबासाहेब पँट घालून बघायला आले. पडद्याआड गेले. बाकड्यावर तिघं-चौघं बसले होते. आतून आधी खाकरल्याचा आवाज आला, मग पाय आपटल्याचा, मग काहीतरी भिंतीला धडकल्याचा.  मग आबासाहेबांचा दबका आवाज, "रंगनाथ, जरा आत ये."

रंगनाथ आत गेला. पँट मांडीशी अडून बसली होती. वर जाईना, खाली येईना. आबासाहेब सरजाबाईच्या पिठाच्या डब्याला धरून उभे होते आणि डब्याचं झाकण त्यांच्या एका हातात आलं होतं. दोघांनी मिळून पँट खाली ओढली. ओढताना रंगनाथला टाचेवरची पट्टी दिसली, आणि पट्टीखालून येणारा वासही आला.

"चौतीसच हाय, आबासाहेब," रंगनाथ म्हणाला. त्याला वाटलं, झालं, आता समजलं असेल.

 आबासाहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कणव होती. रंगनाथच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "रंगनाथ, तुझे डोळे गेले रं."

झेंडावंदनाला आबासाहेब जुन्याच पँटमध्ये गेले आणि भाषणानंतर चहा पिताना त्यांनी हळहळून दोघा-तिघांना सांगितलं की रंगनाथला आता दिसत नाही, बिचाऱ्याने चौतीस म्हणून अठ्ठावीस शिवली. संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. दुसऱ्या दिवशी दिनकरराव वकील आले, तब्येतीची चौकशी केली आणि टाकलेलं कापड परत घेऊन गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं आले. चौथा आला तो दुकानाबाहेरूनच हात हलवून बोटं दाखवायला लागला, किती दिसतेत म्हणून.

रंगनाथ जेवतानाही तोच हिशेब करत बसायचा. बोललं तर बत्तीस वर्षांचा खोटेपणा उघडा पडणार. न बोलावं तर आंधळा ठरून बसणार, आणि तिकडं आबासाहेबांचा पाय. सरजाबाई एकदाच म्हणाली की तुमी तर पँटमधी अडकलेल्या आबासाहेबांवानी झालाव, वर बी जाईना अन् खाली बी येईना. त्यानंतर ती दोन दिवस त्याला टोचून बोलली नाही. त्यामुळे तो जास्तच घाबरला.

मग आबासाहेबांनी ते केलं जे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बुधवारी सकाळी ते राजदूतवरून, मागं गडी बसवून, दुकानासमोर उतरले. ते म्हणाले की बत्तीस वर्षं या माणसाने माझं अंग झाकलं, याच्या डोळ्यांसाठी मी एवढं करणार नाही तर कोण करणार. नांदेडला न्यावं लागलं तरी नेऊ, पण आधी या सरकारी पोरग्याला दाखवू. रंगनाथने पुष्कळ आढेवेढे घेतले. आबासाहेबांनी त्याचा हात धरून, वाटेत गटार आलं की "पाय उचल" असं सांगत, त्याला चालत दवाखान्यात नेलं. स्वतः लंगडत होते, पण आधार रंगनाथला देत होते.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पंधरा-वीस माणसं बसली होती. डॉक्टरने भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला. रंगनाथने वरची ओळ वाचली, मधली वाचली, सगळ्यात खालची मुंगीएवढी ओळ वाचली, आणि त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं.

"डोळे चांगले आहेत," डॉक्टर म्हणाला.

"मंग आकडे दिसत नसतील," आबासाहेब म्हणाले. "अक्षर निराळं, आकडा निराळा. याचा घोळ टेपवरच होतो."

डॉक्टरने क्षणभर विचार केला. शिबिरातला हशा त्याला आठवला असेल किंवा नसेल, पण त्याने खणातून टेप काढली आणि रंगनाथच्या हातात दिली. "मग टेपवरच बघू. यांची कंबर मोजा. बेंबीवरून."

आबासाहेब लगेच उठून उभे राहिले. माणसाचे डोळे वाचवायचे असतील तर कंबर द्यायला त्यांची काय हरकत असणार? शर्ट वर केला, दोन्ही हात पसरले आणि सवयीने श्वास आत ओढला. रंगनाथने टेप फिरवली. व्हरांड्यातले लोक दारात येऊन उभे राहिले. त्यांच्यात दिनकरराव वकीलही होते, खोकल्याचं औषध न्यायला आलेले.

टेपची दोन टोकं बेंबीवर जुळली. आकडा समोर होता, काळा, ठळक. जीभ चौतीसकडे निघाली. बत्तीस वर्षांची वाट, ती आपोआपच निघाली. रंगनाथने मान खाली घातली आणि त्याला आबासाहेबांची टाच दिसली. पट्टी ओली झाली होती आणि दोन मुंग्या तिच्याकडे निघाल्या होत्या.

"पंचेचाळीस," रंगनाथ म्हणाला. आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर राहू नये म्हणून पुढं म्हणाला, "अन् ते श्वास आत ओढून."

दवाखान्यात सुई पडली असती तर रंगनाथने ती बघूनही दाखवली असती, इतकी शांतता झाली. आबासाहेबांचा श्वास मात्र आता धरवेना. तो हळूहळू सुटला, आणि सगळ्यांच्या देखत टेप रंगनाथच्या बोटांतून बोटभर सरकली.

"बघा, आकडा चुकायलाय तो," आबासाहेब डॉक्टरला म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

रंगनाथने सगळं सांगितलं. उस्तादांपासून गॅलिसपर्यंत. दर सहा महिन्यांनी सैल केलेल्या शिवणीपर्यंत. बोलताना तो टेपची गुंडाळी करत होता आणि उलगडत होता. शेवटी म्हणाला, "माझ्याकडं वही हाय. तिच्यात समदं खरं हाय. माझ्या तोंडात न्हवतं."

आबासाहेब खुर्चीत बसले. ती करकरली. ते आपल्याच पोटाकडे, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. आता आपली मानगूट धरणार, असं रंगनाथला वाटलं. आबासाहेबांची नजर दारातल्या वकिलांवर गेली.

"दिनकररावचं खरं किती हाय?"

दिनकररावांनी पोट आत घेतलं.

"ते त्यांच्या कपड्यात हाय," रंगनाथ म्हणाला. आबासाहेब हसले. आधी नाकातून, मग पोटातून, आणि त्या पोटातून निघालेलं हसू व्हरांड्यात ऐकू गेलं. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले, उजवा पाय उचलून डॉक्टरसमोर स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "डाक्टर, हे बी बगा मंग."

डॉक्टरने त्यांना लघवीसाठी बाटली देऊन मागं पाठवलं. परत आल्यावर नळीतल्या लघवीत निळं औषध घालून ती नळी ज्योतीवर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि थेट विटकरी होऊन थांबलं, म्हणजे साखर भरपूर. आबासाहेबांनी तो रंग नीट बघितला. म्हणाले, ह्या रंगाचं कापड आपण कधी घेतलं नव्हतं.

पाय वाचला, पण फुकट नाही. टाचेचा तुकडा कापावा लागला, आबासाहेब दीड महिना खाटेवर होते आणि रोज पोटात इन्सुलिनची सुई घ्यायचे. घरातला साखरेचा डबा कस्तुराबाईंनी कुलुपात टाकला. चहा बिनसाखरेचा झाला, ज्वारीची भाकरी परत आली, आणि आबासाहेब सांगू लागले की आपल्याला पहिल्यापासून भाकरीच आवडते, हे पोळीचं खूळ बायकांचं. जखम भरल्यावर ते सकाळी कालव्यापर्यंत चालत जाऊ लागले. राजदूतवर बसलेला गडी मागून हळूहळू यायचा.

रंगनाथचे डोळे चांगले आहेत हे गावाला पटलं, पण धंदा आधीसारखा राहिला नाही. लोक परत आले, कापड देऊ लागले, पण माप द्यायला कुणी तयार होईना. जो येई तो काखेतून जुनी पँट काढून टेबलावर ठेवी, याच मापाची शिव म्हणे आणि टेपकडे बघायचं टाळी. दिनकररावांनी तर पँट गड्याच्या हाती पाठवली.

टेपखाली उभा राहणारा एकच माणूस उरला. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आबासाहेब आले. तिळगुळाची वाटी कस्तुराबाईंनी मोजून हातात दिली होती, चार वड्या, चारही वाटण्यासाठी. त्यातली एक त्यांनी रंगनाथला दिली आणि उरलेल्या तिन्हींकडे न बघता वाटी सरजाबाईकडे सरकवली. भिंतीवर खुंटीला ती दुधी पँट टांगलेली होती. आबासाहेबांनी ती काढून अंगाला लावून बघितली, आरशात बघून मान हलवली आणि परत टांगली. "उसवू नगंस," म्हणाले.

मग त्यांनी हात पसरले आणि श्वास आत ओढला. रंगनाथने टेप फिरवली, पण टोकं जुळवली नाहीत.

"श्वास सोडा, आबासाहेब."

बाकड्यावर दोन माणसं होती. आबासाहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, रंगनाथकडे बघितलं. मग सावकाश, पोत्याचं तोंड सोडावं तसा, श्वास सोडला.

"त्रेचाळीस," रंगनाथ मोठ्याने म्हणाला. त्याच्या कानाला तो आवाज अजूनही परका वाटत होता.

"लिही," आबासाहेब म्हणाले, आणि लिहून होईपर्यंत वहीवरून नजर हलवली नाही.